आईच्या नावाचे दोन कागद

कॅलिफोर्नियात गाडी चालवण्याचं लायसन्स साधारण ५ वर्षांचं असतं, आणि ते बरोबर वाढदिवसाच्या दिवशी संपतं. त्यामुळे दर पाच वर्षांनी वाढदिवसाच्या आधी केकबरोबर नूतनीकरणाचाही विचार करावा लागतो. नूतनीकरण म्हणजे मुदत संपलेली गोष्ट पुन्हा नवी करून घेणं. बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही. आमच्या घरीसुद्धा सगळे ‘लायसन्स रिन्यू करायचंय’ असंच म्हणतात. पण कागदावर हा शब्द भारदस्त दिसतो, म्हणून एकदा लिहिला.

माझं लायसन्स मी मागच्या वेळी सोफ्यावर बसून, संगणकावर दहा मिनिटांत रिन्यू केलं. आईचं तसं होणार नव्हतं. आई २०२५ मध्ये ७३ वर्षांची झाली, आणि इथे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतः डीएमव्हीच्या ऑफिसात जावं लागतं. तिथे डोळे तपासतात आणि नवा फोटो काढतात. पूर्वी नियमांची लेखी परीक्षाही असायची. ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक ज्येष्ठांना ती माफ झाली. ही आनंदाची बातमी मी आईला सांगितली, तर ती हिरमुसली. डीएमव्हीचं पुस्तक तिने वाचायला घेतलं होतं, समासात पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या.

“अगं, पण मला सगळं येतंय आता!” ती म्हणाली.

आईचं लायसन्स म्हणजे काय चीज आहे, ते आधी सांगायला हवं. आई मिरजेत वाढली. कॉलेजला सायकलने जायची, पुढे नोकरी लागल्यावर लुना घेतली. चारचाकीच्या चाकाला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. २००९ साली ती आणि बाबा आमच्याकडे फ्रीमाँटला राहायला आले. पहिलं वर्ष फार अवघड गेलं. भाजी आणायची असो, वाचनालयात जायचं असो, देवळात जायचं असो, कोणीतरी नेल्याशिवाय घराबाहेर पडता येत नव्हतं. ‘तुला वेळ असेल तेव्हा’ हे वाक्य ती दिवसातून चारदा म्हणायची. आयुष्यभर स्वतःच्या पगारावर आणि स्वतःच्या दोन चाकांवर फिरलेली बाई ती. तिच्या तोंडी हे वाक्य ऐकताना मला कसंसंच व्हायचं.

मग ५८व्या वर्षी ती गाडी शिकली. बाबांनीही तिच्याबरोबर सुरुवात केली होती, पण तीन धड्यांनंतर ‘मी बाजूला बसून लक्ष देतो’ असं म्हणून त्यांनी माघार घेतली. आई पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या वेळी पास झाली. त्या संध्याकाळी तिने शिरा केला आणि बाबांना घेऊन लेक एलिझाबेथला एक चक्कर मारून आली. बाबा २०१८ साली गेले. त्यानंतर तिच्या शेजारची सीट रिकामी असायची, पण गाडी थांबली नाही.

या वेळी तिला साधं लायसन्स नको होतं, रिअल आयडी हवं होतं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हा शब्द ऐकू आला असेल. अमेरिकेत २००५ साली एक कायदा झाला. विमानात बसताना दाखवायचं राज्याचं ओळखपत्र कसं असावं, ते कोणते कागद तपासून द्यावं, हे त्यात ठरवलं. अंमलबजावणी पुढे पुढे ढकलत अखेर ७ मे २०२५ रोजी सुरू झाली. कॅलिफोर्नियाच्या रिअल आयडीवर वरच्या कोपऱ्यात सोनेरी अस्वल असतं आणि त्या अस्वलाच्या पोटात एक चांदणी असते. आईच्या जुन्या कार्डावर अस्वल नव्हतं.

खरं म्हणजे त्याची गरज होती असं नाही. देशातल्या देशात विमानाने जायला पासपोर्टही चालतो. मी तसं आईला सांगून पाहिलं.

“पासपोर्ट लॉकरमध्ये असतो,” आई म्हणाली. “पोराला भेटायला ह्यूस्टनला जायचं, तर आधी बँकेत जाऊन लॉकर उघडू का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रिअल आयडीसाठी लागणारे कागद वाचायला सोपे आहेत. ओळखीचा एक पुरावा हवा. आईकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे, तेव्हा ते काम झालं. सोशल सिक्युरिटीचा नंबर हवा, तो तिला पाठ आहे. आणि पत्त्याचे दोन पुरावे हवेत, म्हणजे तिचं नाव आणि घराचा पत्ता छापलेले दोन वेगवेगळे कागद. इथे आमची गाडी अडली.

शनिवारी सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर फाइल उघडून बसलो. विजेचं बिल माझ्या नवऱ्याच्या नावावर होतं, पाण्याचं माझ्या नावावर. इंटरनेट पुन्हा नवऱ्याच्या नावावर. घर आमच्या दोघांच्या नावावर. आईचा फोन आमच्याच फॅमिली प्लॅनमध्ये, त्यामुळे त्याचं बिलही नवऱ्याच्या नावाने येतं. ती जी गाडी चालवते, ती गाडीसुद्धा कागदोपत्री माझी. सोळा वर्षं एका घरात राहणाऱ्या माणसाचा त्या घराच्या फाइलमध्ये एकही कागद नव्हता.

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. उलट, सगळं प्रेमानेच झालं होतं. आईला कटकट नको, बिलं भरायची चिंता नको, म्हणून एकेक गोष्ट आम्ही आमच्याकडे घेत गेलो. माझा नवरा तर जरा दुखावलाच. “आईंचा फोन मी भरतो, यात चुकलं काय?” असं त्याने विचारलं. चुकलं काहीच नाही. पण परदेशात मुलांकडे राहणाऱ्या कितीतरी आईवडिलांचं असंच होत असावं. घरात त्यांच्यावाचून पान हलत नाही, आणि पत्राच्या पेटीत त्यांच्या नावाचं पाकीट येत नाही.

डीएमव्हीच्या नियमांत यावर एक वाट आहे. बिल मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर असेल, तर नातं दाखवणारा कागद जोडायचा, उदाहरणार्थ जन्मदाखला. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव असणारच. म्हणून मी तो काढला. १९७६ सालचा, मिरज नगरपालिकेचा, पिवळा पडलेला, मराठीत हाताने लिहिलेला. माझ्या मुलीने तो हातात घेतला आणि अक्षर लावत लावत वाचला. ती १६ वर्षांची आहे आणि रविवारच्या मराठी शाळेत जाते, त्यामुळे असं काही वाचायला मिळालं की तिला उत्साह येतो.

“आईचे नाव, शकुंतला,” तिने वाचलं आणि वर पाहिलं. “शकुंतला कोण?”

आईचं नाव मेधा आहे. पासपोर्टवर मेधा, बँकेत मेधा, देवळातल्या बायकांमध्ये मेधाताई. पण जन्माने ती शकुंतला. महाराष्ट्रात अनेक घरांत लग्नानंतर मुलीचं आडनावच नाही, तर पहिलं नावही बदलायचे. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. १९७४ साली बाबांनी असंच ‘मेधा’ लिहिलं. पुढे तांदळाचा भात झाला असेल, नाव मात्र कायमचं राहिलं. हल्ली पुष्कळ मुली नाव बदलत नाहीत. मीही बदललं नाही.

पण मग दाखल्यावर शकुंतला कशी आली? कारण पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. माहेर म्हणजे बाईच्या आईवडिलांचं घर. माझा जन्म मिरजेला झाला आणि नोंद करायला आजोबा, म्हणजे आईचे वडील, नगरपालिकेत गेले. बाळाच्या आईचं नाव काय, असं तिथे विचारलं असेल. आजोबांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं. त्यांच्या दृष्टीने मेधा नावाची कोणी बाई त्यांच्या घरात बाळंत झालीच नव्हती!

हा गुंता काही नवा नव्हता. आईच्या ग्रीन कार्डाच्या वेळीही तो निघाला होता. तेव्हा मावशी आणि आत्या या दोघींनी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्रं करून दिली, की शकुंतला आणि मेधा ही एकच बाई असून ही मुलगी तिचीच आहे. ती प्रतिज्ञापत्रंही फाइलमध्ये निघाली. मावशीची सही थरथरलेली आहे. मुलगी ते वाचून हसत होती, मग अचानक थांबली.

“आजी, मग तुझं खरं नाव कोणतं?”

“दोन्ही खरीच की गं,” आई म्हणाली. “मिरजेत शकू, बाकी सगळीकडे मेधा.”

“आता शकू म्हणतं कोण?”

“तुझी मावशीआजी म्हणते. तेवढीच राहिली आता.”

मी दाखल्याचं भाषांतर करून घेऊ, प्रतिज्ञापत्रं जोडू, माझं पाण्याचं बिल लावू, अशी जुळवाजुळव मोठ्याने बोलून दाखवत होते. आईने ऐकून घेतलं. मग तिने दाखला घडी करून पुन्हा प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला.

“माझा पत्ता सांगायला तुझं बिल कशाला? माझ्या नावाचं काहीतरी असेलच की.”

ती तिच्या खोलीत गेली आणि बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा घेऊन आली. असा डबा तुमच्याही घरी असेल. आमच्या लहानपणी त्यात सुई-दोरा आणि बटणं निघायची. आईच्या डब्यात कागद होते. वाचनालयाचं जुनं कार्ड, बाबांचा एक पासपोर्ट साइझ फोटो, शिऱ्याच्या प्रमाणाची चिठ्ठी, आणि रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा.

ती पाकिटं बँकेची होती. या देशात आल्यावर आईने पहिल्यांदा काय केलं असेल, तर स्वतःच्या नावाचं खातं उघडलं. तिची मिरजेची पेन्शन तिथे येत नाही, फार पैसेही नसतात. वाढदिवसाला आम्ही दिलेले आणि तिने शिकवण्या करून मिळवलेले थोडे डॉलर असतात. बँक दर काही महिन्यांनी तिला कळवते, की कागदी हिशेब बंद करा, सगळं संगणकावर बघा. आई दर वेळी नाही म्हणते. मला ते जुनाटपणाचं वाटायचं. त्या दिवशी मात्र ताज्या महिन्याचा छापील कागद टेबलावर आला, आणि त्यावर तिचं नाव, खाली आमचा पत्ता.

एक झाला. दुसरा गठ्ठ्याच्या तळाशी होता. आई अमेरिकेची नागरिक झाल्यावर तिने मतदार म्हणून नाव नोंदवलं. तशी नोंद झाल्याचं एक कार्ड काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून टपालाने आलं होतं. डीएमव्हीच्या यादीत तेही बसतं. त्या यादीत काय काय आहे ते पाहिलं, तर मजा वाटते: भाडेकरार, शाळेचे कागद, दवाखान्याचे कागद, विमा, कराचे कागद, देवळासारख्या धार्मिक संस्थेचे कागदसुद्धा. पोस्टात नुसता डबा क्रमांक घेतलेला असेल तर तो पत्ता म्हणून चालत नाही, राहतं घरच लागतं.

आम्ही एकेक अक्षर जुळवून पाहिलं. पासपोर्टवर मधलं नाव पूर्ण आहे, बँकेच्या कागदावर नुसतं आद्याक्षर. मराठी बाईचं मधलं नाव म्हणजे लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं. त्यामुळे आईच्या कार्डावर बाबा अजून आहेतच. पहिलं नाव आणि आडनाव जुळत होतं, तेवढं पुढे पुरलं.

बाकीची कामं पटकन झाली. अर्ज घरूनच संगणकावर भरला, कागदांचे फोटो चढवले, वाढदिवसाच्या महिनाभर आधीची वेळ घेतली. ठरल्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी मूळ कागद पाहिले, पैसे घेतले, अंगठ्याचा ठसा घेतला. आईने नेसलेली इरकल पाहून ‘सुंदर!’ असंही म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं.

इथे मात्र मला धडधडायला लागलं. आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं अजून व्हायचंय. दोन्ही डोळ्यांनी तिने ओळ झरझर वाचली. उजव्यानेही वाचली. डाव्या डोळ्याच्या वेळी ती थांबली. एक अक्षर सांगितलं, मग दुसरं, मग म्हणाली, “बाकीची अंदाजाने सांगू शकेन, पण अंदाजाने सांगत नाही.”

नियम असा आहे, की दोन्ही डोळे मिळून २०/४० दिसायला हवं. एकेकट्या डोळ्याने बघताना एकाने २०/४० आणि दुसऱ्याने किमान २०/७०. २०/४० याचा अर्थ, चांगली नजर असलेल्या माणसाला जे ४० फुटांवरून दिसतं, ते आपल्याला २० फुटांवरून दिसतं. यात बसलं नाही, तर लायसन्स लगेच जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून भरून आणायचा एक फॉर्म देतात, त्याला डीएल ६२ म्हणतात. तो घेऊन आम्ही बाहेर आलो.

गाडी मी चालवत होते. आई फॉर्म मांडीवर ठेवून बसली होती. खरं सांगायचं, तर माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. तिला लायसन्स मिळावं असं वाटत होतं, आणि नाही मिळालं तर रात्रीची काळजी तरी मिटेल, असंही वाटत होतं. हे मी बोलले नाही. पण आईला न बोललेलंही ऐकू येतं.

“रात्री मी चालवत नाहीच गेले दोन वर्षं,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “समोरच्या दिव्यांचे मोठे मोठे गोळे दिसतात. आणि ८८०वर तर दिवसासुद्धा जात नाही. तिथले ट्रक बघितले की पोटात गोळा येतो. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं नाही.”

“आणि मला न विचारता ठरवलंस?”

“गाडी मी चालवते ना? मग ठरवणार कोण?”

लायसन्सवर ‘फक्त सूर्योदय ते सूर्यास्त’ अशी अटही इथे घालता येते. आईची अट कार्डावर कुठेच नाही. ती तिने स्वतःच स्वतःला घातली आहे, आणि मला वाटतं ती जास्त पक्की आहे.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचा नंबर तपासून नवा चष्मा दिला, फॉर्म भरला, ऑपरेशन पुढच्या वर्षी करू म्हणाले. दुसऱ्या खेपेला आईने चष्मा लावून डाव्या डोळ्याची ओळ वाचली. या वेळी थांबली नाही. फोटो काढला, ६० दिवसांचं कागदी लायसन्स हातात मिळालं. खरं कार्ड टपालाने आलं, तिच्या नावाच्या पाकिटात. चष्मा लावूनच चालवायचं, एवढी एक अट त्यावर आहे. मुलीने अस्वल शोधलं, अस्वलाच्या पोटातली चांदणी शोधली. आईने फक्त फोटो पाहिला आणि ‘बरी आलेय’ म्हणाली.

आता आमच्या घरात गाडी शिकणारं दुसरं माणूस आहे. माझ्या मुलीला लर्नरचं परमिट मिळालंय. लायसन्सच्या परीक्षेआधी तिने ५० तास सराव करायचा आहे, त्यातले १० तास रात्रीचे. शेजारी २५ वर्षांवरचं, कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेलं माणूस हवं. माझं ऑफिस, तिच्या बाबाचं ऑफिस, मग दुपारी घरी कोण असतं? आजी. दोघी भाजी आणायला जातात, वाचनालयात जातात, लेक एलिझाबेथला चक्कर मारून येतात. परत आल्यावर एक म्हणते, “आजी फार ओरडते,” आणि दुसरी म्हणते, “आरशात बघतच नाही ही.”

२३ तास झालेत. रात्रीचे १० माझ्याकडे आहेत.